फेस्टिव्हलमध्ये आइस्क्रीम वाटताना संध्याकाळी सातनंतर कप मऊ पडतात? गॅस भरायच्या आधी हे तपासा

संगीत महोत्सव, कॉन्सर्ट अशा ठिकाणी टेम्पो उभा करून आइस्क्रीमचे कप वाटायचं काम ज्यांच्याकडे येतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. विक्री असो की प्रायोजकाचं फुकट वाटप, पण फुकट वाटपात हा फॉल्ट जास्त जोरात येतो. दुपारी चारला सगळा माल टणक असतो, चमचा आत जात नाही, आणि सात-साडेसातला कोणीतरी कप परत घेऊन येतं की दादा हे पातळ झालंय. मग ग्राउंडवरचा प्रत्येक जण एकच सांगतो, गॅस गेला, गॅस भरून घ्या.

पुणे, पिंपरी आणि मुंबईच्या ग्राउंडवर असे टेम्पो मी लावून देतो आणि तक्रार आली की उघडतोही मीच. माझं मत अगदी स्पष्ट आहे, कार्यक्रम चालू असताना आलेल्या या तक्रारीत गॅस हे सगळ्यात शेवटचं कारण असतं. बहुतेक वेळा एकतर झाकण सतत उघडं असतं, नाहीतर लाईट पुरेशी येत नसते. दोन्हीवर उपाय स्वस्त आहे, आणि गॅस भरला म्हणून दोन्ही सुटत नाहीत, पैसे मात्र जातात.

खाली लिहिलंय ते नेहमीच्या सेटअपसाठी आहे, म्हणजे छोटा हत्ती किंवा पिकअप, मागे तीनशे-चारशे लिटरचे दोन चेस्ट फ्रीजर, आणि लाईट ग्राउंडच्या डीबीवरून (जिथून सगळ्या स्टॉलना लाईट वाटली जाते तो बोर्ड) किंवा जनरेटरवरून ओढलेली.

आधी लक्षणं नीट बघा

नुसतं "आइस्क्रीम वितळतंय" म्हणून कळत नाही. हात घालून वरचा कप, मधला कप, तळाचा कप असे तीन काढा आणि दाबून बघा, अर्धं निदान इथंच होतं.

वरचे दोन-तीन थर मऊ आणि तळाचा माल टणक असेल तर मशीन ठीक आहे, गरम हवा वरून शिरतेय. थंड हवा जड असते, ती चेस्ट फ्रीजरच्या तळाशी बसून राहते, म्हणून खालचा माल वाचतो.

कडेचे कप टणक आणि मधल्या खोक्यातले मऊ असतील तर माल मुळातच मऊ भरलाय किंवा फार दाबून भरलाय.

वरपासून खालपर्यंत सगळंच सारखं मऊ आणि कॉम्प्रेसर न थांबता चालू, तर फ्रीजरला गरमी बाहेर टाकता येत नाहीये किंवा आत बर्फाचा जाड थर बसलाय, आणि यातलं काहीच नसेल तर मग गॅसचा विचार.

कॉम्प्रेसर चालू व्हायला जातो, काही सेकंद गुणगुणतो, "टक्" आवाज येतो आणि गप्प, थोड्या वेळानं परत तेच. हे व्होल्टेज आहे. दहातल्या नऊ वेळा तरी व्होल्टेजच, आणि मी हा आवाज लांबूनसुद्धा ओळखतो.

अजून एक लक्षण लोक सोडून देतात. कप टणक आहे पण उघडल्यावर आइस्क्रीम कडेपासून सुटून खाली बसलंय, वर बर्फाचे खडे दिसतात, चोकोबार असेल तर काडीशी वाकडा झालाय. म्हणजे तो एकदा वितळून परत जमलाय. हा फॉल्ट आजचा नाही, कालच्या रात्रीचा किंवा गोडाऊनमधून येतानाचा आहे, त्यासाठी आज टेम्पो उघडून काही सापडणार नाही.

१. थर्मामीटर आत ठेवा

सगळ्यात स्वस्त काम, प्रोब (वायरच्या टोकाला मालात खुपसायची सळई) असलेला डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. फ्रीजरच्या डिस्प्लेवर उणे १८ दिसत असेल तरी तो आकडा सेन्सर जिथं बसवलाय तिथला असतो, तुमच्या कपाचा नाही. प्रोब वरून दुसऱ्या थरात दोन कपांच्या मध्ये दाबून ठेवा आणि झाकण बंद करून दहा मिनिटांनी बघा.

साठवणीला उणे १८ किंवा त्याच्या खाली पाहिजे. उणे १५ ला वाटायला काही अडचण नाही. उणे १२ च्या आसपास चमचा सहज जायला लागतो, खाणाऱ्याला तो बरा वाटतो पण तुमच्या हातात फार वेळ उरलेला नसतो. साखरेमुळे आइस्क्रीम बर्फासारखं शून्याला एकदम वितळत नाही, ते उणे तापमानातच हळूहळू मऊ पडत जातं, म्हणून "अजून शून्याच्या खाली आहे ना" हा हिशोब इथं चालत नाही.

२. झाकण आणि लाईन

विक्रीत पैसे घेणं, क्यूआर स्कॅन करणं यात वेळ जातो, तेवढ्यात झाकण बंद राहतं. फुकट वाटपात हात थांबतच नाही, एका बँडचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सगळं ग्राउंड तुमच्याकडे येतं, आणि वाटपाला ठेवलेली मुलं झाकण टेकवून उघडंच ठेवतात कारण दर सेकंदाला उघडायचं तरी किती. अशा वेळी कितीही चांगलं मशीन असू दे, वरचा थर टिकत नाही. यात मुलांची चूक नाही, कामाची मांडणीच तशी असते, म्हणून मांडणी बदलायची.

एक फ्रीजर फक्त स्टॉकचा, तो वाटप करणाऱ्याने उघडायचाच नाही. दुसरा वाटपाचा. आणि वाटपाच्या फ्रीजरमधूनही एकेक कप न काढता एकदम चाळीस-पन्नास कप काढून जाड भिंतीच्या आइस बॉक्समध्ये घ्यायचे आणि त्यातून द्यायचे. बॉक्स पंधरा-वीस मिनिटांत रिकामा होतो, परत भरायचा. झाकणाचा मालक एकच माणूस ठेवा, त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. एवढं केलं तरी निम्म्या टेम्पोंची तक्रार तिथंच संपते.

आइस बॉक्समध्ये जेल पॅक टाकत असाल तर इथं लक्ष द्या. औषधांच्या किंवा डब्यांच्या बॅगेत येणारे साधे निळे जेल पॅक शून्य अंशाला वितळतात, म्हणजे ते बराच वेळ शून्यावर टिकून राहतात, आणि शून्याला आइस्क्रीमचं पाणी झालेलं असतं. ते दुधाच्या पिशव्यांना ठीक. आइस्क्रीमसाठी उणे २१ वाले मिठाच्या द्रावणाचे पॅड लागतात. आणि हे पॅड उणे १८ वर ठेवलेल्या फ्रीजरमध्ये गोठतच नाहीत, त्यांना उणे २५ च्या खाली जाणारा फ्रीजर लागतो, त्यामुळे माल जिथून उचलता तिथल्या कोल्ड रूममध्ये आदल्या दिवशी ठेवून घ्या. न गोठलेले पॅड टाकून लोक म्हणतात पॅड चांगले नाहीत, पॅड चांगलेच असतात.

३. माल कसा आला आणि कसा भरला

हा फ्रीजर माल जमवायला बनवलेला नाही, जमलेला माल राखायला बनवलाय. उणे आठवर आलेली पन्नास खोकी त्यात टाकली तर ती संध्याकाळपर्यंत उणे १८ ला जाणार नाहीत, उलट आधीच्या टणक मालाची थंडी ओढून घेतील. म्हणून गाडीतून माल उतरवून घेतानाच मधल्या खोक्यात प्रोब घाला. उणे १५ च्या वर असेल तर परत पाठवा, भांडण झालं तरी चालेल.

फ्रीजर रिकामा असतानाच आदल्या रात्री चालू करायचा, पूर्ण रात्र, सकाळी सहाला लावून दहाला माल भरायचा असं नको. आतल्या भिंतीवर लोड लाईन असते, त्याच्या वर एक थरसुद्धा नको, कारण त्या रेषेच्या वर थंड हवा राहतच नाही. वरचं झाकण काचेचं असेल तर दिवसा त्यावर थर्माकोलची शीट टाका.

ज्यांच्या गाडीत चेस्ट फ्रीजर नसून भिंतीत थंडीच्या प्लेटा आहेत त्यांचा हिशोब वेगळा. त्या प्लेटा रात्रभर लाईटवर लावून चार्ज होतात आणि दिवसभर गाडी त्यावरच चालते. सात वाजता माल मऊ पडला तर आदल्या रात्री प्लग किती तास होता हे आधी विचारा. बऱ्याचदा वॉचमनने रात्री काढलेला असतो.

४. जागा, हवा, धूळ

बऱ्याच चेस्ट फ्रीजरचा कंडेन्सर, म्हणजे गरमी बाहेर टाकणारी नळी, बाहेरच्या पत्र्याच्या आतच असतो, म्हणून बाहेरून हात लावला की भिंत कोमट लागते. ती लागायलाच पाहिजे, ती आतली गरमी आहे. आता त्या भिंतीला टेकून रिकामी खोकी, बॅनरचे रोल, पाण्याचे बॉक्स रचले तर गरमी जाणार कुठं? चारी बाजूंनी चार-सहा इंच मोकळी सोडा. टेम्पोचा मागचा भाग पत्र्याचा बंद असेल तर उन्हात आत माणूस उभा राहू शकत नाही इतकं तापतं, दोन्ही बाजूच्या फ्लॅप उघड्या ठेवा आणि एक पंखा बाहेर हवा फेकणारा लावा. गाडी पश्चिमेला पाठ करून लावू नका, चार ते सहाचं ऊन थेट फ्रीजरवर येतं आणि सातला जे दिसतं ते त्याचंच असतं.

खाली जाळी आणि पंखा असलेलं मॉडेल असेल तर प्लग काढून जाळी उघडा. ग्राउंडची माती, गवताचं कुसळ, स्टेजवरून उडवलेले कागदाचे तुकडे, सगळं तिथं अडकतं. रंगाच्या कोरड्या ब्रशने वरून खाली हळू झाडा, पात्या वाकवू नका.

५. आतला बर्फ आणि गॅस्केट

आतल्या भिंतीवर अर्धा सेंटिमीटरपेक्षा जास्त बर्फ साठला तर तो थंडी मालापर्यंत पोचू देत नाही. पुण्यात डिसेंबरात, सवाईच्या दिवसांतल्या कोरड्या थंडीत हा त्रास कमी असतो, पण मुंबईत महालक्ष्मीला किंवा बीकेसीच्या ग्राउंडवर दमट हवेत झाकण उघडं राहिलं की एका दिवसात भिंत पांढरी होते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बंद करून वितळवून पुसून घ्या. सुरी, स्क्रूड्रायव्हर, उलथणं काही लावायचं नाही. त्या पत्र्याच्या लगेच मागे गॅसची नळी असते, एक भोक पडलं की त्याच क्षणी फ्रीजर गेला, आणि ती नळी फोममध्ये असल्यामुळे दुरुस्ती बहुतेक वेळा परवडतच नाही.

गॅस्केट, म्हणजे झाकणाच्या कडेची रबरी पट्टी, तपासायला झाकणात दहा रुपयांची नोट अडकवून ओढा. अडखळत आली तर ठीक, सुळकन आली तर तिथून हवा जातेय. चारी बाजूंनी करा, बिजागरीच्या बाजूला विशेष, कारण टेम्पोच्या हादऱ्यांनी बिजागरीचे स्क्रू ढिले होतात. आधी स्क्रू आवळा, मग गॅस्केटवरचं चिकट सिरप कोमट पाण्याने पुसा, मग दबलेल्या जागी गरम पाण्यात पिळलेला फडका काही मिनिटं धरा, रबर परत फुगतं. फाटलं असेल तरच नवीन.

६. लाईट

इथं मी जास्त लिहिणार आहे कारण खरा रोग इथंच असतो आणि बघत कोणी नाही.

सातलाच का होतं? कारण सातला स्टेजचे लाईट पूर्ण लागतात, शेजारी पॉपकॉर्न, सँडविच ग्रिलर, फ्रायर सगळे जोरात असतात, आणि त्याच वेळी तुमच्याकडे गर्दी आलेली असते. फ्रीजरला सगळ्यात जास्त काम असतं तेव्हाच त्याला सगळ्यात कमी व्होल्ट मिळतात.

आता वायर बघा. समजा डीबीपासून टेम्पोपर्यंत ५० मीटर, एक स्क्वेअर एमएमची वायर. जाऊन-येऊन १०० मीटर तांबं झालं, त्याचा रेझिस्टन्स दोन ओहमच्या आसपास. कॉम्प्रेसर चालू असताना दीड-दोन अँपिअर घेतो तेव्हा चार व्होल्ट पडतात, कळतही नाही. पण स्टार्ट घेताना क्षणभर तो पाच-सहा पट ओढतो, दहा-बारा अँपिअर, तेव्हा वीस-पंचवीस व्होल्ट जातात, आणि दोन्ही फ्रीजर एकाच वेळी स्टार्ट झाले तर त्याच्या दुप्पट. ग्राउंडवर मुळातच २३० ऐवजी २०० येत असतील तर कॉम्प्रेसरच्या हातात दीडशे-पावणेदोनशे उरतात. तो उचलत नाही, गुणगुणतो, ओव्हरलोड (कॉम्प्रेसर जळू नये म्हणून लावलेला छोटा स्विच) टक् करून लाईट तोडतो. इकडे डिस्प्ले आणि आतला दिवा मस्त चालू, म्हणून सगळे म्हणतात लाईट आहे की.

तपासायला मल्टिमीटर येत नसेल तर सॉकेटमध्ये लावायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर घ्या, टेम्पोतल्याच बोर्डावर लावा आणि कॉम्प्रेसर स्टार्ट होताना त्याच्याकडे बघत राहा. स्टार्टच्या क्षणी २०० च्या खाली घसरत असेल तर फॉल्ट सापडला.

उपाय असे. वायर अडीच स्क्वेअर एमएमची, तांब्याची, आणि जेवढी लागते तेवढीच. त्याच ५० मीटरला स्टार्टचा फटका आठ-नऊ व्होल्टवर येतो. वायर रीळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर तापते आणि इन्सुलेशन वितळतं. दोन फ्रीजर एकाच एक्स्टेन्शनवर नको, आणि मध्ये इन्सुलेशन टेपचे जोड नको. डीबीवर शेजारच्या फ्रायरबरोबर एकाच एमसीबीवर (लोड वाढला की पडणारा स्विच) असाल तर आयोजकांच्या इलेक्ट्रिशियनला वेगळी लाईन मागा, सकाळीच, संध्याकाळी तो सापडत नाही.

स्टॅबिलायझर जरूर लावा, टाइम डिलेवाला (लाईट आल्यावर थोडं थांबून चालू करणारा), पण वायर बारीक ठेवून स्टॅबिलायझर लावला तर तो व्होल्ट वाढवायला आणखी करंट ओढतो आणि वायरमध्ये आणखी पडतात. आधी वायर, मग स्टॅबिलायझर. लाईट जाऊन लगेच आली तर पाच मिनिटं थांबूनच चालू करा, आतलं प्रेशर समान व्हायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर कॉम्प्रेसर दाबाखाली स्टार्ट घ्यायला जातो आणि परत टक्. घरचा स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर जोडू नका, मोटर तापते.

जनरेटर स्वतःचा असेल तर तो गाडीपासून लांब, धूर वाऱ्याच्या दिशेनं बाहेर. बंद टेम्पोत धूर आला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही, आणि आत तुमची मुलं उभी असतात.

इथं थांबायचं, हात लावायचा नाही

टेम्पोच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्या क्षणी सगळ्यांना खाली उतरवा, मुख्य स्विच बंद करायला लावा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. गाडी रबरी टायरवर उभी असते, तिला अर्थिंग वेगळं द्यावं लागतं, आणि लाईनमध्ये ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच) असायलाच पाहिजे. ओल्या मैदानावर "थोडंसंच लागतंय" असं म्हणून वाटप चालू ठेवू नका, लाईनीत लहान मुलं असतात.

दिवे एकदम प्रखर झाले, पंखा सुसाट फिरायला लागला तर आधी प्लग ओढा, मग विचार करा. न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी तीनशेच्या वर येऊ शकतात. हे आयोजकांच्या इलेक्ट्रिशियनचं काम.

व्होल्टेज बरोबर आहे, पाच मिनिटं थांबून दिलं तरी गुणगुणून टक् होतंय, तर कॉम्प्रेसरला स्टार्ट देणारा रिले किंवा कपॅसिटर, नाहीतर ओव्हरलोड खराब झालाय. पार्ट स्वस्त असतात पण कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही करंट राहतो, मेकॅनिकलाच करू द्या.

आणि गॅस. वरचं सगळं बरोबर आहे, कॉम्प्रेसर सतत चालू आहे, बाहेरची भिंत कोमट लागत नाही, आत फक्त एका कोपऱ्यात बर्फ धरलाय आणि बाकी भिंत कोरडी, हे सगळं एकत्र दिसलं तरच गॅसचं नाव घ्या. मागची पट्टी वाचा, तिथं गॅस कुठला ते लिहिलेलं असतं. आर २९० किंवा आर ६००ए असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे, टेम्पोत, गर्दीत, गॅस वेल्डिंगची नळी पेटवून कोणी काम करायला लागला तर त्याला थांबवा. मेकॅनिकला सांगायचं की आधी लीक शोध, मग व्हॅक्यूम (नळीतली हवा ओढून काढणं), मग वजन करून गॅस. नुसता टॉप-अप करून देणाऱ्याला परत पाठवा, गॅस आपोआप संपत नाही, तो कुठून तरी गेलेलाच असतो.

कार्यक्रम चालू आहे आणि फ्रीजर बंद पडलाय

स्टॉकचा फ्रीजर उघडूच नका. भरलेला चेस्ट फ्रीजर न उघडता कित्येक तास माल धरून ठेवतो, बंदच आहे तर वरून जाड गोधड्या टाका. वाटपाच्या फ्रीजरमधला माल आधी संपवा.

ड्राय आइस मिळाला तर तो मालाच्या वर ठेवायचा, खाली नाही, मध्ये कागदाचा जाड थर. तो उणे ७८ चा असतो, जाड हातमोज्याशिवाय धरू नका, आणि त्यातून सतत कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे टेम्पोच्या फ्लॅप उघड्या आणि केबिनमध्ये तो ठेवून प्रवास नको. तो नसेल तर पॉट आइस्क्रीमवाल्यांची पद्धत वापरा, तीन भाग बर्फाचा चुरा आणि एक भाग जाडं मीठ, हे मिश्रण उणे २० च्या जवळ जातं. जाड पिशव्यांत बांधून आइस बॉक्समध्ये कपांच्या बाजूला आणि वर ठेवा, पाणी कपात जाऊ देऊ नका.

जो कप मधोमध मऊ झालाय, झाकणाखालून गळतोय, तो वाटायचा नाही आणि परत गोठवायचाही नाही. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, आणि मऊ असताना वाढलेले तसेच राहतात. फुकट देतोय म्हणून काही चालतं असं नाही, उलट नको म्हणायचं माणसाच्या तोंडावर येत नाही, म्हणून आपणच बघायचं. मऊ माल वेगळ्या पिशवीत भरून बाजूला काढा, फोटो काढा, प्रायोजकाला आकडा कळवा.

दुपारपासून दर तासाला तापमान आणि व्होल्टेज एका कागदावर लिहून ठेवा, झाकणावर टेपनं चिकटवा. मेकॅनिक आला की तो कागद त्याच्या हातात द्यायचा, कोणत्या वेळेला काय पडलं हे बघून त्याचा निम्मा वेळ वाचतो. आणि गॅसचं काम असेल तर त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवा, माल दुसरीकडे हलवून आणि फ्रीजर रिकामा करून, कारण भरलेल्या फ्रीजरवर घाईत लीक सापडत नाही.